नवी माशी सापडली, म्हणजे नक्की काय झालं?

2015 साली अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसमधून एक बातमी आली. तिथल्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाच्या अभ्यासकांनी शहरातल्या घरांच्या परसात कीटकांसाठी सापळे लावले होते. त्यांत सापडलेल्या बारीक माश्यांमधून 30 नव्या प्रजाती निघाल्या. पुढच्याच वर्षी आणखी 12 निघाल्या. हे घनदाट जंगल नव्हतं की दुर्गम बेट नव्हतं, लाखो माणसं राहतात असं शहर होतं.

अशी बातमी वाचली की बहुतेकांच्या मनात तेच प्रश्न येतात. नवी म्हणजे ही माशी आत्ता जन्माला आली का? इतकी वर्षं कुणालाच कशी दिसली नाही? आणि माशीसारखी माशी, तिचे तीस प्रकार वेगळे आहेत हे ठरवलं कुणी आणि कशावरून? प्रश्न अगदी रास्त आहेत. बातमीच्या चार ओळींत त्यांची उत्तरं मावत नाहीत, म्हणून इथे जरा निवांत बघू.

## आधी माशी ओळखू

या माश्यांच्या कुळाचं नाव फोरिडी. म्हणून त्या फोरिड माश्या. इंग्रजीत त्यांना ‘स्कटल फ्लाय’ म्हणतात, म्हणजे तुरुतुरु पळणारी माशी. नाव अगदी चपखल आहे.

जास्त पिकलेल्या फळांवर जी चिलटं जमतात, त्यांच्यात या माश्या बेमालूम खपून जातात. फरक वागण्यात आहे. चिलट संथपणे हवेत तरंगतं, आणि त्याचे डोळे सहसा लाल असतात. फोरिड माशीला हुसकावलं तर ती चटकन उडत नाही, धाव घेते. दोन बोटं अंतर पळते, थबकते, एकदम दिशा बदलते आणि पुन्हा पळते. बाजूने पाहिलं तर डोकं खाली आणि पाठ वर, जणू कुबडच. चांगलं भिंग असेल तर पंख बघा. पुढच्या कडेला दोन-तीन जाड, गडद शिरा दिसतील, आणि उरलेल्या पंखावर फिकट, जेमतेम जाणवणाऱ्या काही रेषा. हे सगळं जुळलं की कुळ नक्की झालं. सोपं काम इथेच संपतं.

कारण या कुळात आजवर 4000 पेक्षा जास्त प्रजातींना नावं मिळाली आहेत, आणि त्यांतल्या दीड हजारांहून अधिक मेगासेलिया नावाच्या एकाच गटातल्या आहेत. बहुतेक सगळ्या करड्या, तपकिरी किंवा पिवळसर, आणि लांबीला काही मिलिमीटर. सगळ्यांत लहान माशीही याच कुळातली. ब्राझीलमध्ये सापडलेली आणि 2018 मध्ये नाव मिळालेली मेगाप्रोपोडिफोरा आर्नोल्डाय 0.395 मिलिमीटरची आहे. मिठाच्या कणाएवढ्या देहात डोळे, मेंदू, पाय, पचनसंस्था सगळं आहे. हा आकडा वाचून मी प्रत्येक वेळी क्षणभर थांबते.

## ‘नवी’ कुणासाठी?

शब्दांचा एक घोळ आधी निस्तरते. पाठ्यपुस्तकात ‘स्पीशीज’ला जाती आणि ‘जीनस’ला प्रजाती म्हणतात. बातम्यांत मात्र स्पीशीजलाच सर्रास प्रजाती म्हणतात. या लेखात मी बातम्यांची पद्धत पाळते: प्रजाती म्हणजे स्पीशीज, आणि तिच्या वरच्या पायरीला नुसतं जीनस. मेगासेलिया हा जीनस आहे.

प्रजाती म्हणजे ढोबळ मानाने आपसात वीण होणाऱ्या जिवांचा समूह. नव्या प्रजातीचा अर्थ एवढाच, की या समूहाची विज्ञानाच्या दप्तरात नोंद नव्हती. माशी लाखो वर्षांपासून असू शकते. माणसांनी ती हाताने झटकलेलीही असेल. एखाद्या गावात पिढ्यान् पिढ्या राहणारं कुटुंब जनगणनेत पहिल्यांदा नोंदलं गेलं, तर ते कुटुंब नवं ठरत नाही. नोंद नवी असते.

हे दप्तर प्राण्यांसाठी सुरू झालं 1758 मध्ये, कार्ल लिनियसच्या वर्गीकरणग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीपासून. तेव्हापासून आजवर जगाच्या कानाकोपऱ्यात, वेगवेगळ्या भाषांत, कधी फार त्रोटक वर्णनांसह नावं दिली गेली. म्हणून ‘ही नवी आहे’ असं म्हणायचं, तर ती त्या सगळ्या जुन्या नोंदींपैकी एकही नाही हे आधी दाखवून द्यावं लागतं. माशी सापडणं ही एका दुपारची गोष्ट असते. हे दाखवून देण्यात महिने, कधी वर्षं जातात.

## एक माशी, एक स्लाइड

हे काम प्रत्यक्षात कसं चालतं ते जवळून बघण्यासारखं आहे.

सुरुवात होते सापळ्यापासून. बहुधा तो मॅलेझ सापळा असतो: जाळीचा एक तंबू, त्याच्या सर्वांत उंच कोपऱ्यात अल्कोहोलची बाटली. स्वीडनचे कीटकतज्ज्ञ रेने मॅलेझ यांनी पाहिलं, की आपल्या तंबूत शिरलेले कीटक वर वर चढत जातात आणि कोपऱ्यातल्या भोकातून निसटतात. त्या भोकाशी बाटली लावायची, एवढीच कल्पना. 1934 च्या ब्रह्मदेश मोहिमेत त्यांनी असे सापळे वापरले, आणि जगभर तीच रचना थोड्याफार फरकाने आजही चालते.

बाटलीतून माश्या निवडल्या की एक माशी मायक्रोस्कोपखाली येते. केसाएवढ्या बारीक सुयांनी तिचा एक पंख अलगद वेगळा करतात, मग पाय, मग पोट. काचपट्टीवर टिकाऊ डिंकासारख्या पदार्थात हे तुकडे नीट मांडून वर पातळ काच ठेवतात. हात जरासा थरथरला तर जो केस मोजायचा, तोच तुटतो.

मग मोजणी. पंखाच्या पुढच्या कडेने जी जाड शीर जाते, तिचं नाव कोस्टा. ती पंखाच्या किती लांबीपर्यंत पोचते? दुसऱ्या शिरा तिला मिळतात तिथे तिचे तीन भाग पडतात, त्या भागांचं आपसातलं प्रमाण काय? तिच्यावरच्या केसांची लांबी किती? इथे सरळ मिलिमीटर न धरता प्रमाण का धरतात, हे समजून घेण्यासारखं आहे. अळीला पोटभर खायला मिळालं नाही तर माशी लहान निपजते. एकाच आईची दोन पिल्लं आकाराने बरीच वेगळी असू शकतात. पण नाक चेहऱ्याच्या मानाने केवढं हे लहान फोटोतही तेवढंच दिसतं आणि मोठ्या फोटोतही. तसंच हे प्रमाण.

त्यानंतर केस. छातीच्या बाजूच्या एका पट्टीवर केस आहेत की ती साफ आहे? पाठीच्या टोकाशी असलेल्या छोट्या त्रिकोणी भागावर दोन राठ केस आहेत की चार? मागच्या मांडीच्या बुडाशी खालच्या बाजूला जे केस असतात, ते शेजारच्या केसांहून लांब आहेत का? माश्यांच्या मागच्या पंखांच्या जागी तोल सांभाळणाऱ्या दोन चिमुकल्या गोळ्या असतात, त्या पिवळ्या की तपकिरी? अशा एकेका प्रश्नाला दोन-दोन उत्तरं, आणि प्रत्येक उत्तर पुढच्या प्रश्नाकडे नेतं. या प्रश्नमालिकेला ओळख-किल्ली म्हणतात. रस्ता विचारत जावं, डावीकडे की उजवीकडे, आणि शेवटी एका दारापाशी पोचावं, तसं.

शेवटचं दार बहुतेक वेळा नराच्या जननेंद्रियाशी असतं. सांगायला जरा अवघड वाटतं, पण माश्यांच्या ओळखीत याइतकं भरवशाचं दुसरं काही क्वचितच मिळतं. दोन प्रजाती बाकी अंगाने जुळ्या असतील, तरी या अवयवाची बाह्यरेषा आणि त्याच्यावरचे काटे वेगळे निघतात. जोडीदार मिळवण्याच्या चढाओढीत हा भाग फार झपाट्याने बदलत जातो. पूर्वी यासाठी कुलूप-किल्लीची उपमा देत: चुकीच्या प्रजातीची किल्ली लागू नये म्हणून आकार वेगळे. ती उपमा लक्षात ठेवायला सोपी असली तरी आता अपुरी मानली जाते.

किल्लीच्या शेवटी पोचल्यावर माशी कुठल्याही दारात बसत नसेल, तरी काम संपत नाही. शंभर वर्षांपूर्वीचं वर्णन ‘पाय पिवळसर, पंख स्वच्छ’ एवढंच असेल तर काय करायचं? तेव्हा ज्या माशीवरून ते लिहिलं, ती मूळ माशी संग्रहालयातून मागवायची किंवा तिथे जाऊन बघायची. फोरिड माश्यांवर जन्मभर काम केलेल्यांत हेर्मान श्मिट्झ हे जेझुइट धर्मगुरू होते आणि ब्राझीलमध्ये राहिलेले टोमास बोर्गमायर हे फ्रान्सिस्कन. त्यांच्या हातच्या नमुन्यांशिवाय आजही या माश्यांचा अभ्यास पुढे सरकत नाही. केम्ब्रिजचे हेन्री डिस्नी यांनी तर या कुळातल्या शेकडो प्रजातींची वर्णनं लिहिली. लॉस एंजेलिसच्या त्या 30 प्रजातींच्या शोधनिबंधावरही एमिली हार्टॉप आणि ब्रायन ब्राउन यांच्यासोबत त्यांचं नाव आहे.

## आणि मादीचं काय?

नराच्या खुणांवर इतकं अवलंबून राहिलं की मादी उघड्यावर पडते. मेगासेलियातल्या कितीतरी प्रजातींची मादी कोणती हे माहीत नाही. सापळ्यात दोन्ही असतात, पण कोणती मादी कुठल्या नराची हे नुसतं बघून कळत नाही. काही फोरिडांत तर मादीला पंखच नसतात. वाळवीच्या वारुळात राहणाऱ्या काही माद्या इतक्या वेगळ्या दिसतात, की त्यांना माशी म्हणायलाही मन धजत नाही.

ही जोडी जुळवायचा एक नामी उपाय गेल्या वीसेक वर्षांत हाती आला आहे.

## डीएनए आहे ना, मग केस मोजायचे कशाला?

2003 मध्ये कॅनडातले पॉल हेबर्ट यांनी डीएनए बारकोडची कल्पना मांडली. दुकानातल्या वस्तूवरच्या पट्ट्यांसारखीच ही एक खूण: प्राण्यांच्या पेशीतल्या एका ठरावीक जनुकाचा 658 अक्षरांचा तुकडा वाचायचा आणि जुळवायचा. नर आणि मादीचा तुकडा सारखा निघाला, तर ती जोडी बहुधा एकाच प्रजातीची.

या पद्धतीने डोळे दिपवणारे निकाल दिले आहेत. युगांडाच्या किबाले राष्ट्रीय उद्यानात एकाच मॅलेझ सापळ्यात आठ आठवड्यांत मिळालेल्या 7059 फोरिड माश्यांचे बारकोड 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतून 650 हून अधिक प्रजातींचे गट दिसले. सहाराच्या दक्षिणेकडच्या सगळ्या आफ्रिकेतून तोवर जितक्या फोरिड प्रजातींना नावं मिळाली होती, त्यांहून हा आकडा मोठा आहे. एका तंबूने अख्ख्या प्रदेशाची यादी मागे टाकली!

मग सुया आणि स्लाइड फेकून द्याव्यात का? नाही, आणि त्याला ठोस कारणं आहेत. बारकोडचा तुकडा फक्त आईकडून येतो. कीटकांच्या पेशीत वोल्बॅकिया नावाचे जिवाणू राहतात, त्यांच्यामुळे आईकडून येणाऱ्या या वारशात उलथापालथ होऊ शकते: दोन वेगळ्या प्रजातींचा बारकोड एकच निघतो, किंवा एकाच प्रजातीचे दोन. आडनावावरून नातं ठरवलं तर जशी फसगत होऊ शकते, तशी. दुसरं कारण जास्त व्यावहारिक आहे. जुन्या नावांना बारकोड नाहीत. 1900 सालच्या वाळलेल्या माशीशी आजची माशी ताडून बघायची, तर दोघींतली सामाईक भाषा केसांची आणि शिरांचीच आहे.

2021 मध्ये कोस्टा रिकातल्या गांधीलमाश्यांच्या नात्यातल्या 403 बारीक परजीवी कीटकांना मुख्यतः बारकोडच्या आधारावर नावं दिली गेली, तेव्हा अभ्यासकांत मोठा वाद झाला. एका बाजूचं म्हणणं, की जंगलं संपण्याआधी नोंद तर होऊ द्या. दुसरी बाजू म्हणे, की ज्याच्याकडे प्रयोगशाळा नाही त्याने हा कीटक ओळखायचा कसा? मला दोन्ही बाजूंची तळमळ कळते, पण मी दुसऱ्या बाजूकडे झुकते. नाव असं असावं की ते वापरायला महागडं यंत्र लागू नये.

मेगासेलियासाठी स्वीडनमध्ये सुचवलेला मार्ग मला सर्वांत पटतो. तिथे 18,000 हून अधिक माश्यांचे बारकोड आधी वाचले, त्यावरून ढीग पाडले, आणि मग प्रत्येक ढिगातल्या मोजक्या माश्या मायक्रोस्कोपखाली नेऊन ते ढीग खरे आहेत का हे तपासलं. यंत्र हमाली करतं आणि निवाडा डोळे करतात. जिथे दोघांचं जुळत नाही, तिथे थांबून जास्त माश्या बघायच्या.

## नाव म्हणजे नुसती पाटी नव्हे

प्रजाती वेगळी ठरली की नाव देण्याची पाळी येते. त्यासाठी आंतरराष्ट्रीय नियम आहेत. नाव दोन शब्दांचं, पहिला जीनसचा. इतरांपासून ती कशी वेगळी आहे हे शब्दांत लिहायचं आणि प्रसिद्ध करायचं. आणि एक नमुना निवडून तो सर्वांना तपासता येईल असा जपायचा. या नमुन्याला होलोटाइप म्हणतात. पुढे कधी वाद झालाच, तर नाव त्या एका माशीला चिकटलेलं असतं. वर्णन चुकलं, चित्र चुकलं, तरी मूळ माशी साक्षीला उभी राहते.

नावात मोकळीक भरपूर असते. आर्नोल्डाय हे नाव अभिनेते आर्नोल्ड श्वार्झनेगर यांच्यावरून आलं, कारण त्या माशीचे पुढचे पाय फुगीर, पिळदार आहेत.

एकाच प्रजातीला चुकून दोन नावं मिळाली तर आधीचं टिकतं. मेगासेलिया स्कॅलारिस ही माणसांबरोबर जगभर पसरलेली फोरिड माशी. तिला 1866 मध्ये क्युबातल्या नमुन्यावरून नाव मिळालं. नंतर वेगवेगळ्या देशांत सापडली तसं कुणी तिला झान्थिना म्हटलं, कुणी फेरुजिनिया. एका माणसाची वेगवेगळ्या नावांनी चार कार्डं असावीत, तशी तिची माहिती चार ठिकाणी विखुरली. ती एकत्र करणं हेही प्रजाती ओळखण्याच्याच कामात येतं, जरी त्याची बातमी कधी होत नाही.

## फोटोवरून ओळखता येणार नाही का?

कुळापर्यंत येईल. काही ठळक प्रजातीही ओळखता येतील. स्कॅलारिसच्या मादीच्या पोटावर एक आखूड, रुंद, चकचकीत पट्टा असतो, तो चांगल्या फोटोत दिसू शकतो. पण मांडीच्या आतल्या बाजूचे केस फोटोत नसतील तर कितीही हुशार ॲपला ते दिसणार नाहीत.

म्हणूनच नमुने घ्यावे लागतात, आणि त्यात जीव जातात. हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. माझं म्हणणं एवढंच, की घेतलेली माशी वाया जाऊ नये. नीट जपलेला नमुना शंभर वर्षांनीही उत्तरं देतो. खरं दुःख वेगळंच आहे. 2012 च्या एका अभ्यासानुसार नमुना गोळा होण्यापासून त्याला नाव मिळेपर्यंत सरासरी 21 वर्षं जातात. तेवढी वर्षं तो बाटलीत पडून असतो, कारण बघायला माणूस नसतो.

## एवढं करून उपयोग काय?

अळिंबीच्या शेतीत मेगासेलियातल्या हाल्टेराटा आणि नायग्रा या दोन प्रजाती त्रास देतात. हाल्टेराटाच्या अळ्या अळिंबीचं पांढरं, धाग्यांसारखं मूळ जाळं खातात. नायग्राच्या अळ्या थेट अळिंबी पोखरतात, पण तिची मादी अंधारात अंडी घालत नाही. उजेड बंद केला की नायग्राचा प्रश्न बराचसा मिटतो. हाल्टेराटाला मात्र त्या अंधाराने काही फरक पडत नाही. समोरची माशी कोणती हे न ओळखता उपाय केला तर अख्खं पीक हातचं जाईल.

स्यूडॅक्टिऑन जीनसच्या माश्या मुंग्यांच्या अंगात अंडं घालतात. अळी मुंगीच्या डोक्यात शिरते, शेवटी ते डोकं गळून पडतं, आणि त्याच पोकळ डोक्यात माशी तयार होते. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या आगमुंग्यांनी अमेरिकेत उच्छाद मांडला, तेव्हा 1990 च्या दशकात या माश्या मुद्दाम सोडल्या गेल्या. प्रत्येक प्रजाती ठरावीक मुंग्यांच्याच मागे लागते म्हणून हे शक्य झालं. ओळखीत चूक झाली असती तर स्थानिक मुंग्यांवर संकट आलं असतं.

मला सर्वांत भिडते ती सॅन फ्रान्सिस्कोची गोष्ट. तिथल्या विद्यापीठातले प्राध्यापक जॉन हाफर्निक यांनी पाळलेल्या प्रार्थनाकीटकाला खाऊ म्हणून, इमारतीच्या दिव्यांखाली पडलेल्या मधमाश्या गोळा केल्या आणि ती कुपी टेबलावर विसरून गेले. काही दिवसांनी बघतात तो तळाशी तपकिरी कोश! त्यांतून निघालेली माशी फोरिड होती: अपोसेफालस बोरिआलिस. तिची लागण झालेल्या मधमाश्या रात्री पोळं सोडून दिव्यांकडे जातात, तिथे भरकटतात आणि मरतात, हे 2012 मध्ये प्रसिद्ध झालं.

या माशीला नाव मिळालं होतं 1924 मध्ये. ती भुंग्यांवर (इंग्रजीत ‘बम्बलबी’) जगते हेही नोंदलेलं होतं. म्हणून मधमाश्यांत ती सापडताच तपास शून्यापासून सुरू करावा लागला नाही. भुंग्यांतून निघालेल्या आणि मधमाश्यांतून निघालेल्या माश्यांचे डीएनए ताडून बघितले, दोन्ही एकच निघाल्या, आणि जुनी सगळी माहिती त्या दिवशी कामाला आली.

लॉस एंजेलिसच्या परसातल्या प्रजातींना आता नावं आहेत. त्यांच्या अळ्या काय खातात, कुठे वाढतात, ही पुढची ओळ भरायची आहे. कधीतरी कुणीतरी मेलेली गोगलगाय किंवा कुजकी भूछत्री बरणीत झाकून ठेवेल, आठवड्याने आत एक करडी माशी काचेवर तुरुतुरु पळताना दिसेल, आणि तिचा पंख स्लाइडवर जाईल.